घरातलं विष शोधताना आधी न्हाणीघरात बघा

प्रश्न नाशिकच्या, पाथर्डी फाट्याला राहणाऱ्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: ‘मुलगी दीड वर्षाची, सासूबाईंना दमा. रोजच्या वस्तूंमधल्या विषांबद्दलचे व्हिडिओ पाहून झोप उडाली आहे. नॉनस्टिक तवा, प्लॅस्टिकचे डबे, फरशी पुसायचं लिक्विड, सगळं काढून टाकलं. आता कापूर, धूप, तांब्याचा हंडा असं नैसर्गिकच वापरतोय. अजून काय काय फेकू, यादी द्या. घरी येऊन हवा तपासून देणारे पाच हजार मागतायत, करून घेऊ का? सासूबाईंचं थंडी सुरू झाल्यापासून सकाळी अंघोळीनंतर डोकं दुखतं, गरगरतं. तेही साबणाच्या वासानं होत असेल का?’

ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल. तुमच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का? असेल तर उद्या सकाळपासून कोणीही दार लावून, गीझर चालू ठेवून अंघोळ करायची नाही. दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, दोन-चार मिनिटं जाऊ द्यायची आणि मगच आत जायचं. सासूबाईंनी तर आतून कडीही लावू नये, दार नुसतं लोटून घ्यावं.

कारण सांगतो. गॅस जळताना हवेतला प्राणवायू लागतो. चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये तो लवकर कमी पडतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो आणि तो जळून जातो. त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे गॅस नाही’ ही समजूत इथे फसवते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. मग पायांतली शक्ती जाते, आणि माणसाला काहीतरी बिघडतंय हे कळलं तरी कडीपर्यंत हात पोचत नाही. अशा वेळी काहींना झटकाही येतो आणि घरचे त्याला फिट समजतात.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिकमध्ये 24 वर्षं काम करतो. निफाडकडे पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की माझ्याकडे ‘अंघोळीत चक्कर आली’ म्हणून मुलं येतात. एका नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन वडील आले होते. तिला घरी दोनदा असंच झालं होतं आणि उपाशीपोटी अंघोळ केली म्हणून झालं असं सगळ्यांनी धरलं होतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर 98 दिसत होतं. ते यंत्र इथे उपयोगाचं नाही: कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू बसलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक साध्या ऑक्सिमीटरला ओळखता येत नाही. रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. ती मुलगी ऑक्सिजन दिल्यावर बरी झाली. गीझर त्याच संध्याकाळी बाहेर काढायला लावला.

तुमच्या सासूबाईंचं डोकं याच कारणानं दुखतंय असं मी इथे बसून म्हणणार नाही. रक्तदाब असेल, साखर असेल, कढत पाण्यानं अंघोळ केल्यावर रक्तदाब एकदम उतरत असेल. पण थंडीतच होतं, अंघोळीनंतरच होतं आणि बाहेर आल्यावर हळूहळू कमी होतं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी आधी गीझरकडे बघतो. गीझर आत आणि वर छोटी खिडकी, ही सोय पुरत नाही. थंडीत ती खिडकी आपण लावूनच घेतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही वस्तूंची विभागणी केलीत नैसर्गिक आणि रासायनिक अशी. माझ्या अनुभवात ही विभागणी उपयोगी पडत नाही. मी दोन गोष्टी विचारतो: ही वस्तू शरीरात कोणत्या वाटेनं जाणार, आणि किती वेळात इजा करणार? मिनिटांत, महिन्यांत की वर्षांत? मिनिटांत इजा करणाऱ्या गोष्टी आधी हाताळायच्या. तुम्ही नॉनस्टिक तवा काढलात आणि कापूर घरात आणलात. दीड वर्षाच्या मुलीच्या घरात हा व्यवहार तोट्याचा आहे.

कापराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याविषयी कोणी बोलत नाही. तो देवघरातला आहे, म्हणून आपल्या मनात तो औषधांच्या बाजूला बसलेला असतो. पण लहान मुलाच्या पोटात अर्धा-एक ग्रॅम कापूर गेला तरी जिवावर बेतू शकतं. झटके यायला कधी पाच-दहा मिनिटंही पुरतात, आणि बहुतेक वेळा ते दीड तासाच्या आतच येतात. भीमसेनी कापराचे खडे आठवून बघा, हुबेहूब खडीसाखर. देवापुढच्या ताटलीतून रोज प्रसाद मिळणाऱ्या मुलानं तो खडा तोंडात घातला तर त्याची काय चूक? माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या आजीनं नेमकं हेच सांगितलं, ‘डॉक्टर, त्याला वाटलं साखर आहे.’ बाळाच्या गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी बांधतात, तीही नको. मुलं गळ्यातलं चोखतात. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर घातलेलं तेल किंवा बाम छातीला चोळू नका, नाकाला तर अजिबात नाही. कातडीतून आणि श्वासातूनही तो आत जातो. निलगिरीच्या तेलाचंही तसंच आहे, दोन-चार मिलिलिटर पोटात गेलं तरी मूल गुंगीत जाऊ शकतं. आरतीला कापूर लावायचा असेल तर लावा. डबी मात्र कुलपात ठेवा आणि ताटलीत खडे उरू देऊ नका.

डांबरगोळ्यांचं दुखणं वेगळं आहे. घरात नवं बाळ येतं तेव्हा ट्रंकेतून मोठ्या भावंडाची झबली-टोपरी, आजीच्या मऊ साडीच्या दुपट्या निघतात. वर्षभर त्या डांबरगोळ्यांत ठेवलेल्या असतात. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळाच्या अंगाला डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ लागली की तांबड्या पेशी फुटू लागतात. कावीळ झपाट्यानं वाढते आणि फार वाढली तर मेंदूला कायमची इजा करते. ही कमतरता मुलग्यांमध्ये जास्त दिसते, आपल्याकडे काही आदिवासी समाजांत आणि पारशी समाजात तिचं प्रमाण अधिक आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी भागातून बाळ कावीळ घेऊन आलं की मी कपड्यांबद्दल विचारतोच, आणि कपड्यांना वास येत असेल तर सांगायचीही गरज पडत नाही. तुमच्या मुलीला जन्मल्यावर जास्त कावीळ झाली होती का, रक्त बदलावं लागलं होतं का, एवढं आठवा आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा. गोळी गिळली गेली आणि दोन-तीन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. लहान मूल असलेल्या घरात डांबरगोळ्या ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. जुने कपडे बाळाला घालण्याआधी दोन-तीनदा धुवा, कडक उन्हात टाका आणि वास पूर्ण गेला आहे ना ते बघा.

मग येतात बाटल्या. फरशीचं लिक्विड तुम्ही टाकून दिलंत, पण मला त्याची तेवढी काळजी नव्हती. मूळ बाटलीत, झाकण लावून, वरच्या फळीवर असलेलं फिनेल घरात असायला हरकत नाही. काळजी आहे ती दारावर गाडी घेऊन येणाऱ्याकडून कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून घेतलेल्या फिनेलची आणि टाइल्सच्या ॲसिडची. सुट्या ॲसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली निर्बंध घातले, विक्रेत्यानं नोंद ठेवायची आहे, तरी पांढऱ्या बाटलीतलं ॲसिड गल्लीत मिळतं. मूल बाटली वाचत नाही, आकार ओळखतं. कोल्ड्रिंकची बाटली म्हणजे प्यायचं, एवढं दीड वर्षाच्या मुलालाही कळतं. ॲसिड किंवा तुंबलेला पाइप मोकळा करायची कॉस्टिक पावडर घोटभर गेली तर अन्ननलिका भाजते. भरून येताना ती आक्रसते, आणि त्या मुलाला पुढची कित्येक वर्षं नळी रुंद करून घ्यायला भुलीखाली जावं लागतं. मी अशी मुलं मोठी होताना पाहिली आहेत.

शेतीशी संबंध असेल तर अजून एक. आपल्याकडे द्राक्षबागांच्या औषधांचे रिकामे कॅन घरात पाण्याला, रॉकेलला वापरतात. कितीही धुतले तरी ते घरात नकोत.

असं काही पोटात गेलंच, तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची सवय आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ॲसिड परत वर येताना पुन्हा भाजतं. रॉकेल, थिनर किंवा मच्छर पळवायच्या मशीनमधलं लिक्विड (त्यातही रॉकेलच्या जातीचंच द्रावण असतं) उलटीबरोबर फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. शिवाय लहान मुलाच्या रक्तात इतकं मीठ गेलं तर तोच दुसरा धोका. तोंड पुसून घ्या, चूळ भरता येत असेल तर भरवा, बाटली सोबत घ्या आणि निघा. डोळ्यात गेलं असेल तर मात्र निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नळाखाली डोळा धुवा, ही पंधरा मिनिटं वाया जात नाहीत.

दिवाळीच्या साफसफाईत होणारा प्रकार म्हणजे दोन गोष्टी एकत्र ओतणं. टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीचच्या लिक्विडमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. टाकी धुवायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरही त्याच घराण्यातली. डाग निघत नाही म्हणून दोन्ही ओतलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद संडासात वाकून घासणाऱ्याच्या थेट छातीत जातो. दम्याच्या माणसाला हा वायू फार महाग पडतो, आणि त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी झोपायचं नाही. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना हे जरूर सांगा. संडास आपण घासत नाही, त्या घासतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी धान्याची कोठी बघाच. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरताना अनेक घरांत पुरचुंडीत बांधलेल्या पाऱ्याच्या टिकड्या टाकतात. पारा साध्या तापमानालाही वाफ होऊन उडतो, टिकडी झिजली की पूड दाण्यांत मिसळते. त्या काढून घ्या, फोडू नका, जाळू नका, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून ठेवा. तांदळाला बोरिक पावडर चोळतात, ती लहान मुलांच्या शरीरात साठत जाते. मुलीच्या खिमटीचे तांदूळ तरी बिनापावडरचे, वेगळे ठेवा. आणि धान्यात टाकायच्या ज्या ‘गॅसच्या गोळ्या’ मिळतात, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या, त्या घरात कोणत्याही कारणानं आणू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. त्यावर उतारा नाही. कोठी झोपायच्या खोलीत असते आणि रात्री खिडक्या बंद असतात, एवढंच पुरतं. आपल्या आज्या कडक उन्हात वाळवलेले गहू कडुलिंबाच्या पाल्यासकट भरत होत्या, ती पद्धत आजही चालते. हवाबंद डबा असेल तर अजून चांगलं.

इथपर्यंत मिनिटांत किंवा दिवसांत इजा करणाऱ्या गोष्टी झाल्या. दुसऱ्या पायरीवर धूर आहे, आणि तो सासूबाईंच्या दम्याशी थेट जोडलेला आहे. एका मच्छर कॉइलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगरेटींमधून निघणाऱ्या कणांएवढे असतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसलं. याचा अर्थ कॉइल लावणारा रोज शंभर सिगरेटी ओढतो असा नाही. धूर खोलीत पसरतो आणि सिगरेटमधली निकोटीन वगैरे द्रव्यं त्यात नसतात. पण दार बंद करून रात्रभर त्याच खोलीत झोपणाऱ्या दमेकऱ्यासाठी एवढे कण पुरेसे वाईट आहेत. उदबत्तीही एका ग्रॅममागे सिगरेटच्या चौपटीहून जास्त कण सोडते, 45 मिलिग्रॅमच्या आसपास, सिगरेटचे 10. धूप नैसर्गिक असला तरी फुप्फुसाला कण कुठून आले याच्याशी देणंघेणं नसतं.

इथे परिस्थितीप्रमाणे सल्ला बदलतो. पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू असतो, त्यामुळे कॉइल बंद केली आणि मच्छर तसेच राहिले तर मी तुमचं नुकसान केलं. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा, कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओता. आणि पूजेबद्दल सासूबाईंशी मी असं बोललो असतो: ‘आई, उदबत्ती बाल्कनीतल्या तुळशीपाशी लावा, देवघरात निरांजन राहू द्या.’ माझ्या बहुतेक आज्या-पेशंट याला तयार होतात. पूजा थांबवा म्हटलं की पूजा थांबत नाही, डॉक्टरकडे येणं थांबतं.

आता तुम्हाला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटली, ते. नॉनस्टिकचा लेप साधारण 260 अंशांच्या वर विघटित व्हायला लागतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तरच तिथपर्यंत पोचतो. मंद आचेवर डोसा करण्यात तेवढा धोका नाही. खरवडलेला लेप पोटात गेला तरी पचत नाही, तसाच बाहेर पडतो. तवा फार उडाला असेल तर बदला, घाबरून नको. प्लॅस्टिकचे डबे कोरड्या डाळी-पोह्यांना वापरायला हरकत नाही. गरम वरण, तेलकट भाजी, आंबट लोणचं त्यात नको, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. गरम भजी-वडे वर्तमानपत्रात बांधून आणणं मात्र आजपासून थांबवा. शाईतली द्रव्यं तेलात उतरतात, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 सालीच त्याबद्दल सूचना दिली आहे.

तांब्याचा हंडा ठेवा, साध्या पाण्याला उत्तम. पण सकाळचं लिंबूपाणी, ताक, चिंचेचं सार त्यात नको. आंबटानं तांबं सुटतं, पदार्थ कळकतो, आणि मळमळ-उलट्या होतात. जुन्या लोकांना हे ‘कळकणं’ नीट माहीत होतं, म्हणून तर भांड्यांना कल्हई असायची. भांडी बाजारातून पितळी पातेली घेऊन स्वयंपाक करणार असाल तर कल्हई विश्वासाच्या माणसाकडून, शुद्ध कथलाचीच करून घ्या. स्वस्तात मिळणाऱ्या कल्हईत शिसं मिसळलेलं असू शकतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शिसं मुलांच्या बुद्धीवर परिणाम करतं, म्हणून काजळ, सुट्टं कुंकू, जुन्या घराचा पोपडे निघालेला तेलरंग हेही दीड वर्षाच्या मुलीपासून लांब ठेवा. रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. त्याआधीचा रंग असेल तर तो कोरडा घासू नका, पाणी मारून घासा.

राहिली एक छोटी वस्तू, जी कोणत्याच व्हिडिओत नसते: रिमोट आणि वाजणाऱ्या खेळण्यांमधला बटण सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ते मुलीला देऊ नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच एक्स-रे काढायला निघा. मूल एक वर्षाच्या वरचं असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, त्यानं भाजणं थोडं कमी होतं. पण मधासाठी थांबायचं नाही.

तुमच्या घरासाठी क्रम लावायचा तर असा: आज गीझर, कापूर, डांबरगोळ्या आणि सुट्या बाटल्या. या आठवड्यात धान्याची कोठी आणि सेल. या महिन्यात कॉइल आणि धूप. बाकीचं सवडीनं. फ्रिजवर एक कागद चिकटवा, त्यावर 108 आणि दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा 1800 116 117 हा क्रमांक लिहा. फोन केलात की वस्तूचं नाव, किती गेलं असेल, किती वाजता आणि मुलीचं वजन, एवढं आधी सांगा.

हवा तपासायचे पाच हजार देऊ नका. ते लोक एका दुपारी येतील, खिडक्या उघड्या असतील, गीझर बंद असेल, आणि तुमच्या हातात रंगीत तक्ता ठेवून जातील. तेच पैसे प्लंबरला द्या आणि गीझर बाहेर काढून घ्या. तोपर्यंत बादली भरून अंघोळ चालू ठेवा, सासूबाईंचा रक्तदाब एकदा तपासून घ्या, आणि चार दिवसांनी त्यांचं डोकं दुखायचं थांबलं की नाही ते मला इथेच कळवा. त्याआधी अंघोळीत कोणाला चक्कर आली, तर दार उघडून त्यांना मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि थेट ऑक्सिजन असलेल्या रुग्णालयात न्या. तिथे पोचल्यावर ‘बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता’ हे वाक्य सर्वांत आधी सांगा.